रोजचा एक मिलिलिटर

वाईच्या बाजारपेठेंतील ज्या केशकर्तनालयांत मी गेलीं वीस वर्षें डोकें देत आलों आहें, तेथील कारागिराचा एक नियम आहे. केंस कापून झाले, मानेवरचा फडका झटकला, कीं तो एक हातआरसा घेऊन गिऱ्हाइकाच्या पाठीमागें उभा राहतो व समोरच्या मोठ्या आरशांत त्याला स्वतःच्या डोक्याची मागील बाजू दाखवितो. गिऱ्हाइकानें मान हलवावयाची, मग यानें आरसा खुंटीला अडकवावयाचा, आणि मगच पैशांची गोष्ट. निदान दोन वर्षें तरी तो हा विधि माझ्यापुरता वगळीत आला होता, आणि माझ्या तें लक्षांतहि आलें नव्हतें. इतकी नाजूक दया मला फार थोड्या सुशिक्षितांच्या ठिकाणीं आढळली आहे.

लक्षांत आलें तें निराळ्याच ठिकाणीं. २०२२ च्या उन्हाळ्यांत माझ्या भाच्याची मुंज झाली. कार्यालयाच्या माडीवरून कोणीं तरी छायाचित्रें घेतलीं होतीं, तीं दोन दिवसांनीं बहिणीनें मोबाइलवर पाठविलीं. एका चित्रांत बटू पाटावर बसला आहे, डोक्यावर वस्तरा चालला आहे, तो रडतो आहे, आणि त्याच्या शेजारीं पाठमोरा बसलेला एक गृहस्थ त्याची समजूत घालतो आहे. त्या गृहस्थाच्या माथ्यावर मधोमध पुरीएवढा भाग निखळ चकाकत होता. हे कोण बरें, जांवयाकडचे कोणी असावेत, असें मीं बहिणीला विचारलें. ती कांहीं बोलली नाहीं. मीं पुन्हां निरखून पाहिलें. सदरा माझा होता.

स्वतःचें टक्कल ही एकच मालमत्ता अशी असेल, कीं जी साऱ्या गांवाला ठाऊक होऊन वर्षें लोटल्यावर मालकाला कळते. समोरून पाहतांना माझे केंस शाबूत होते. कपाळ थोडें वर सरकलें होतें खरें. पण शिक्षकाचें कपाळ विशालच असावयाचें, अशी मीं त्याची सोय लाविली होती. सदतिसाव्या वर्षीं मला हें जें वर्तमान कळलें, त्यानें मी हादरून गेलों असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु त्या दिवसापासून मी वर्गांत फळ्याकडे तोंड करून लिहिणें शक्य तितकें टाळूं लागलों, आणि जिन्यावरून उतरतांना मागून कोण येत आहे याकडे माझें ध्यान जाऊं लागलें.

भर्तृहरीनें नीतिशतकांत एका खल्वाटाची गोष्ट घातली आहे. उन्हानें डोकें तापलें म्हणून तो बिचारा सावलीला जातो तो नेमका बेलाच्या झाडाखालीं, आणि वरून पडलेल्या फळानें त्याचें मस्तक फुटतें. दैव हतभाग्याचा पिच्छा सोडीत नाहीं हें सांगण्यासाठीं कवीला आंधळा, पांगळा, कर्जबाजारी असे नाना तऱ्हेचे लोक मिळण्यासारखे होते. त्यानें निवडला तो टकल्या. शाळेंत ही गोष्ट ऐकतांना मी पोट धरून हंसलों होतों, हें येथें कबूल केलेलें बरें.

आमच्या पणजोबांच्या पिढीला ही चिंता फारशी नसावी. डोक्याचा मोठा भाग वस्तऱ्यानें तुळतुळीत करून घ्यावयाचा, मागें शेंडी राखावयाची, आणि वर पागोटें चढवावयाचें, अशी वहिवाट असल्यावर निसर्गानें काय नेलें आणि वस्तऱ्यानें काय नेलें, याचा हिशेब कोण ठेवणार? पागोटें गेलें, टोपी गेली, तेव्हां टक्कल उघडें पडलें. माझे वडील (त्यांना आम्ही अण्णा म्हणतों) १९४८ सालचे. त्यांनीं पांढरी टोपी अजून सोडलेली नाहीं. त्या टोपीखालीं काय आहे हें मला लहानपणापासून ठाऊक होतें. तें वारशानें येतें एवढेंच मीं मनावर घेतलें नव्हतें. कारण आईच्या वडिलांचे केंस पाहावे, बापाचे पाहूं नयेत, असें मला कोणीं तरी सांगितलें होतें, आणि माझ्या आजोळच्या आजोबांचे केंस शेवटपर्यंत दाट होते. या समजुतींत अर्धें सत्य आहे. टकलाशीं निगडित असलेलें एक महत्त्वाचें जनुक मुलाला आईकडूनच मिळतें. पण तें एकटें नसतें, आणि बाकीच्यांत बापाचाहि वांटा असतो. माझ्या वांट्याला अण्णा आले.

आपल्याकडे केंस गळूं लागल्याचें कळलें, कीं औषध सांगणाऱ्यांची रीघ लागते. आईनें माक्याचें तेल कढविलें. सासुरवाडीहून कांद्याचा रस लावण्याची आज्ञा आली. महाविद्यालयांतील एका सहकाऱ्यांनीं रोझमेरी नांवाच्या विलायती झुडुपाच्या तेलाची शिफारस केली आणि तिच्यासोबत ‘शास्त्रीय पुरावा आहे’ असेंहि बजावलें. मी स्वभावानें संशयी आहें, पण त्याहूनहि आळशी आहें. म्हणून लावण्याच्या कष्टांत पडण्यापूर्वीं वाचण्याच्या कष्टांत पडलों.

कांद्याची हकीकत मोठी बोधप्रद निघाली. बगदादच्या डॉक्टरांनीं कांद्याच्या रसाचा खरोखरच प्रयोग केला होता. तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुष्कळ रोग्यांना केंस आलेहि. परंतु ते रोगी चाईचे होते. चाई आणि टक्कल हीं दोन निरनिराळीं दुखणीं आहेत. चाईंत शरीराची संरक्षक शक्तीच चुकून केंसांच्या मुळांवर तुटून पडते, नाण्याएवढा चट्टा पडतो, आणि तो पुष्कळदां आपण होऊन भरूनहि येतो. माथ्यावरून वर्षानुवर्षें हळू हळू मागें सरणारें पुरुषी टक्कल तें हें नव्हे. म्हणजे कांद्याची साक्ष खरी, पण ती दुसऱ्याच खटल्यांतली. सासुरवाडीला मीं हें कळविलें नाहीं. ‘वासानें मळमळतें’ एवढेंच सांगितलें.

रोझमेरीचा पुरावा त्याहून बरा होता. इराणांत शंभर पुरुष घेऊन त्यांतील निम्म्यांना हें तेल आणि निम्म्यांना मिनॉक्सिडिल नांवाच्या औषधाचा दोन टक्क्यांचा द्रव सहा महिने लावावयास दिला. २०१५ सालीं निष्कर्ष छापला गेला. तीन महिन्यांअखेर कोणाच्याच डोक्यांत फरक नव्हता, सहा महिन्यांअखेर दोन्हीकडे केंस थोडे वाढले होते, आणि दोहोंत कोणी सरस ठरलें नाहीं. सहकारी येथेंच थांबले होते. पण कांहींच न लावणाऱ्यांचा, किंवा नुसतें पाणी लावणाऱ्यांचा, तिसरा गट त्या प्रयोगांत नव्हता. दोन विद्यार्थ्यांना सारखे गुण पडले एवढें कळलें. उत्तीर्ण होण्याची मर्यादा काय होती तें कळलें नाहीं.

राहिलें आईचें तेल. खोबरेलाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईच्या संशोधकांनीं २००३ सालीं दाखवून दिलें, कीं खोबरेल केंसाच्या काडींत शिरतें आणि धुतांना तिच्यांतून निघून जाणारें प्रथिन वांचवितें. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाला तें साधत नाहीं. तेव्हां आपल्या आज्या चुकत नव्हत्या. परंतु काडी ही मृत वस्तु आहे. शेत मुळांत आहे, आणि मी जें गमावीत होतों तें शेत होतें; कापून आणलेल्या कडब्याला तकाकी आणून काय होणार? हें मी आईला समजावूं गेलों, तेव्हां ती म्हणाली, “झोप तर चांगली लागते ना?” त्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. रविवारीं दुपारीं ती माझ्या डोक्याला तेल चोळी, आणि मी तें चोळून घेत असें.

माणसानें टकलावर काय काय लाविलें याचा इतिहास लिहावयाचा तर ग्रंथ होईल. इसवी सनापूर्वीं सुमारें १५५० च्या मिसरी पपायरसांत सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून लावावी असें सांगितलें आहे. पाणघोड्याची चरबी मिळविण्यापेक्षां टक्कल पत्करलें असें म्हणणारे मिसरीहि असतीलच. आपल्या सुश्रुतानें मात्र आधीं कारणाचा विचार केला. वातासह पित्त केंसांच्या मुळांत शिरून ते पाडतें, आणि मग रक्तासह कफ तीं मुळें बुजवितो, म्हणून दुसरे केंस उगवत नाहींत, अशी त्याची इंद्रलुप्ताची उपपत्ति आहे. आज ती कोणी अक्षरशः मानणार नाहीं. पण केंस पडणें हा एक व्यापार आणि नवा न येणें हा दुसरा, हें त्यानें वेगळें काढलें, याचें मला कौतुक वाटतें. पुढच्या काळांतील ग्रंथांनीं हस्तिदंत जाळून त्याची राख रसांजनाबरोबर लावावयास सांगितली, आणि तिनें तळहातावरहि केंस उगवतील असें आश्वासन दिलें. जाहिरातींची भाषा तेव्हांपासून फारशी बदललेली नाहीं. बदलला तो कायदा: १९४५ च्या औषधविषयक नियमांना जोडलेल्या एका यादींत, अमुक रोग बरे करतों असा दावा कोणत्याहि औषधानें करूं नये असे जे रोग सांगितले आहेत, त्यांत टकलाचेंहि नांव आहे. तें वाचून मीं त्या दिवशींचें वर्तमानपत्र उघडलें, आणि पुन्हां मिटून ठेविलें.

एवढें वाचन झाल्यावरहि मी एका केशचिकित्सा केंद्रांत जाऊन आलों, हें सांगावयास लाज वाटते. तेथें एका तरुणानें लहानसा कॅमेरा माझ्या माथ्यावर टेकविला आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या कातड्याचें चित्र उभें केलें. मला एखादें उजाड माळरान दिसूं लागलें. मधून मधून एखादें बाभळीचें झुडूप. “आणखी सहा महिने थांबलात तर हेंहि राहणार नाहीं,” तो म्हणाला आणि त्यानें एक दरपत्रक पुढें सरकविलें. तो आंकडा लाखाच्या वर होता. हप्त्यांची सोय होती. मी उठलों खरा, पण परतीच्या वाटेवर एस.टी.त बसल्यावर तें माळरान कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांपुढून हालेना.

अखेर सातारच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्या आमच्याच महाविद्यालयाच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यामुळें संकोच दुप्पट झाला आणि फी अर्धी. त्यांनीं भिंग लावून पाहिलें आणि पहिलेंच वाक्य असें उच्चारलें, कीं मला ती खुर्चीच सोडूं नये असें वाटलें.

“सर, केंस मेलेले नाहींत, ते लहान झाले आहेत.”

मग त्यांनीं जें समजावून दिलें तें असें. डोक्यावर सुमारें लाखभर केंस असतात. प्रत्येक केंस दोन ते सहा वर्षें वाढतो, मग तीनेक महिने स्वस्थ बसतो, मग गळतो, आणि त्याच मुळांतून नवा निघतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केंस गळणें हें चालू संसाराचें लक्षण आहे. टक्कल पडणाऱ्याच्या माथ्यावर पौरुषद्रव्यापासून तयार होणारें एक द्रव्य मुळांची ही वाढीची मुदत आंखडीत नेतें. प्रत्येक फेऱ्याला केंस अधिक आंखूड, अधिक बारीक, शेवटीं केवळ लव. मागचे आणि कानांवरचे केंस या द्रव्याला दाद देत नाहींत, म्हणूनच जगांतील सगळ्या टकल्यांना तेवढी झालर शिल्लक राहते. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाहीं हें हिपोक्रेटिसलाहि ठाऊक होतें. पण त्याचें कारण पौरुषद्रव्यांत आहे हें जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९४२ सालीं दाखवून दिलें. “तो उपाय मी सुचवीत नाहीं,” बाई गंभीरपणें म्हणाल्या.

जे उपाय त्यांनीं सुचविले ते दोन. पहिला मिनॉक्सिडिल. हें मूळचें रक्तदाबाचें औषध. अमेरिकेंतील अपजॉन कंपनीची ही गोळी १९७९ सालीं बाजारांत आली, आणि ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केंस येऊं लागले. दुसरा कोणी हा दोष म्हणून वहींत लिहून ठेवता. कंपनीनें तोच दोष द्रवांत विरघळवून बाटलींत भरला, आणि १९८८ सालीं पुरुषांच्या डोक्यावर लावण्यासाठीं त्याला परवानगी मिळविली. तें केंसांना नेमकें कसें जागवितें याचा पुरता उलगडा आजहि झालेला नाहीं. कातड्यांतील एका पाचक द्रव्यानें त्याचें रूपांतर केलें तरच तें कामीं येतें, आणि तें द्रव्य ज्याच्या माथ्यांत कमी त्यानें बाटल्यांवर बाटल्या रिचविल्या तरी व्यर्थ. गुण किती? ३९३ पुरुषांवरील एका प्रयोगांत, जो २००२ सालीं प्रसिद्ध झाला, पाऊण माथा पुन्हां झांकला गेला असें कांहीं झालें नव्हतें. अठ्ठेचाळीस आठवड्यांनीं दर चौरस सेंटिमीटरला पांच टक्क्यांच्या द्रवानें सरासरी एकोणीसच्या आसपास केंस वाढले, दोन टक्क्यांच्या द्रवानें तेरा, आणि औषध नसलेल्या नुसत्या द्रवानें चार. निरोगी डोक्यावर एवढ्या जागेंत दोनशेंच्या घरांत केंस असतात. त्या शेवटच्या चारांकडे पाहून मला आईच्या तेलाची आठवण झाली.

दुसरा उपाय फिनास्टेराइड. मिनॉक्सिडिल थकलेल्या बैलाला चुचकारतें. हें त्याच्या मानेवरचें जूंच हलकें करतें, कारण पौरुषद्रव्याचें तें घातक रूपांतर तें अडवितें. प्रोस्टेट ग्रंथि वाढलेल्या वृद्धांसाठीं तें १९९२ सालीं आलें आणि टकलासाठीं लहान मात्रेंत १९९७ सालीं. गोळी घेणाऱ्या थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावणें वगैरे विकार दिसतात. म्हणून हल्लीं तें लावण्याच्या द्रवांतहि मिसळून मिळतें. लावलें म्हणजे वरच्यावर राहिलें, असा आपला समज असतो. कातडें ही भिंत नव्हे, चाळण आहे. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत लावण्याच्या फवाऱ्यानें केंस जवळजवळ गोळीइतकेच वाढले. पण रक्तांतील तें द्रव्य गोळीनें निम्म्याहून अधिक उतरलें तर फवाऱ्यानें सुमारें एक तृतीयांश. म्हणजे कमी, परंतु शून्य नव्हे. एवढें सांगून त्यांनीं सहज विचारलें, “सर, घरीं कोणाला दिवस गेले आहेत का?”

गेले होते. लग्नानंतर नऊ वर्षांनीं, दोनदां आशा लावून निराशा झाल्यावर, त्या उन्हाळ्यांत माझ्या पत्नीला दिवस राहिले होते, आणि आम्हीं तें अद्याप फारसें कोणाला सांगितलें नव्हतें. गर्भ पुत्राचा असेल तर या औषधाचा स्पर्श आईच्या अंगाला होणें बरें नव्हे, असें बाईंनीं सांगितलें. दुसऱ्या उपायाचा विचार तेथेंच संपला. पांच टक्के मिनॉक्सिडिलची बाटली घेऊन मी घरीं आलों.

बाटली साठ मिलिलिटरची. सकाळीं एक मिलिलिटर, रात्रीं एक मिलिलिटर, म्हणजे बरोबर तीस दिवस. किंमत सातशें रुपयांच्या आसपास. हिशेब कसा चोख! पण कराराच्या अटी वाचाव्या तशा अवघड होत गेल्या. चार ते सहा महिने फळाची वाट पाहावयाची. सोडलें तर तीनचार महिन्यांत मिळविलेलें सर्व परत जावयाचें. सावकाराच्या दारीं निदान मुद्दल फिटल्यावर सुटका असते. मांजरीला हें औषध विषासारखें, म्हणून शेजारच्या बोक्याला खिडकी बंद झाली. आणि सर्वांत मौज म्हणजे पहिल्या महिना-दोन महिन्यांत केंस अधिकच गळतात. जुने विसावलेले केंस ढकलून नवे वर येऊं पाहतात म्हणून. बाईंनीं बजावून ठेविलें नसतें तर तिसऱ्या आठवड्यांत न्हाणीघराच्या जाळीवर जमलेला गुंता पाहून मीं बाटली कृष्णामाईला अर्पण केली असती. डोकें खाजे, कोंड्यासारखा पापुद्रा सुटे. द्रवांत जें प्रॉपिलीन ग्लायकोल असतें त्याचा हा प्रसाद. फेसाच्या रूपांतील औषधांत तें नसतें, पण तें महाग.

एके रात्रीं मी नळीनें थेंब मोजीत असतां अण्णा पाठीमागें येऊन उभे राहिले. मी बाटली लपवूं लागलों.

“लपवूं नकोस. किती महिन्यांची बोली आहे?” त्यांनीं विचारलें.

“जन्माची,” मी म्हणालों.

ते पलंगावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेविली, आणि मग त्यांनीं जी गोष्ट सांगितली ती मी पहिल्यानेंच ऐकत होतों. १९७९ सालीं, लग्नाला दोन वर्षें झालीं असतां, वर्तमानपत्रांतील जाहिरात पाहून त्यांनीं व्ही. पी. नें एक तेल मागविलें होतें. चिटावर गुडघ्यापर्यंत केंस सोडलेल्या स्त्रीचें चित्र. शाळामास्तराच्या पगारांतून चाळीस रुपये. पुस्तकांच्या मागें ती बाटली ठेवून ते आई निजल्यावर लावीत. “तीन महिने लाविलें. एके दिवशीं पाहतों तों बाटली नाहीं. तुझ्या आईनें तें तेल समईंत घातलें होतें. घरभर सुवास! मला म्हणाली, देवाचें तेल संपलें होतें, तुम्हांला हें लागत होतें का? मी काय सांगणार? नाहीं म्हणालों.” ते हंसले नाहींत, टोपी डोक्यावर घालून निजावयास गेले. दुसऱ्या दिवशीं मी आईला विचारणार होतों, कीं तुला ठाऊक होतें का. विचारलें नाहीं.

फेब्रुवारी २०२३ मध्यें आमची मुलगी जन्मली, आणि त्याच सुमारास, म्हणजे औषधाच्या सातव्या महिन्यांत, त्या कारागिरानें माझे केंस कापून झाल्यावर क्षणभर घुटमळून खुंटीवरचा हातआरसा काढला. मला समोरच्या आरशांत माझें माथें दिसलें. जंगल उगवलें नव्हतें. पण पुरीची कड अंधुक झाली होती. जेथें चकाकी होती तेथें तपकिरी सावली होती. मीं मान हलविली. त्यानेंहि हलविली. प्रयोगशाळेंतील कोणताहि आंकडा मला इतका विश्वसनीय वाटला नाहीं, आणि त्या दिवशीं मीं त्याला वीस रुपये अधिक दिले हेंहि खरें.

मुलीला माझ्या खांद्यावरच झोप येई. तिचा गाल माझ्या कानशिलाशीं, आणि चिमुकली मूठ माझ्या केंसांत. नऊ वर्षें ज्याची वाट पाहिली तो श्वास मानेवर लागत असतां मी अर्धा अर्धा तास हालत नसें. आठव्या महिन्यांत पत्नीनें तिला उजेडांत धरून मला बोलाविलें. कपाळाच्या उजव्या अंगाला आणि गालावर बारीक काळसर लव दिसत होती. तान्ह्या मुलांना लव असतेच, असें आई म्हणाली. डाव्या गालावर ती कमी होती. मी मुलीला नेहमीं कोणत्या खांद्यावर घेतों हें मला ठाऊक होतें, पत्नीलाहि ठाऊक होतें. आम्ही दोघेंहि बोललों नाहीं.

डॉक्टरीणबाईंनीं भिंगांतून बराच वेळ पाहिलें. “सर, औषधामुळेंच आहे असें मी म्हणणार नाहीं, नाहीं असेंहि म्हणणार नाहीं. तुम्ही सोडून पाहा.” एवढ्या लहान जिवाच्या अंगांत तें कातड्यांतून शिरलें असेल, आणि मूळचें तें रक्तदाब उतरविणारें औषध आहे, हें त्यांनीं उच्चारलें नाहीं. मला तें पाठ होतें. मी त्या रात्रीं औषध लाविलें नाहीं. उश्यांचे अभ्रे, माझे सदरे, तिचीं दुपटीं हीं सर्व पत्नीनें दुसऱ्या दिवशीं धुवून काढलीं. ती मला कांहींच बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

पुढचे चार महिने मोठे विलक्षण गेले. मुलीच्या गालावरची लव हळू हळू झडत होती आणि माझे केंसहि झडत होते. मी रोज सकाळीं तिला खिडकीशीं नेऊन गाल पाहत असें, आणि मग न्हाणीघरांत जाऊन जाळी पाहत असें. २०२४ च्या संक्रांतीच्या सुमारास तिचा गाल स्वच्छ झाला. होळीपर्यंत माझा माथाहि झाला. ती लव तशीहि जाणारच होती कीं काय, हें कळावयाचा मार्ग नाहीं; तिसरा गट आमच्याहि प्रयोगांत नव्हता. त्याच वर्षाअखेर वाचनांत आलें, कीं बाप हेंच औषध डोक्याला लावीत असलेल्या कांहीं तान्ह्या मुलांच्या अंगावर केंस वाढल्याच्या नोंदी झाल्या, आणि युरोपच्या औषधनियामक संस्थेनें माहितीपत्रकांत तशी सूचना घालावयास लाविली. संपर्क तुटल्यावर त्या मुलांचे केंस गेले होते. तें पान मीं पत्नीला दाखविलें. तिनें वाचलें आणि विचारलें, “आतां ती मोठी झाली, पुन्हां लावणार का?”

प्रश्न सरळ होता. औषध खोटें नव्हतें. माझ्या डोक्यावर तें चाललें होतें, आणि तान्हें मूल घरांत नसलेल्या एखाद्या मित्रानें विचारलें तर मी आजहि त्याला आधीं तेंच सांगेन, कांदा सांगणार नाहीं. मुलगीहि आतां माझ्या खांद्यावर निजत नाहीं. मी “पाहूं” म्हणालों. अर्धी उरलेली ती पंधरावी बाटली कपाटांत होती. तिच्यावरची मुदत उलटून गेली होती.

तिचें जावळ कांहीं ना कांहीं कारणानें राहून गेलें होतें. तें तिसऱ्या वर्षीं, २०२५ च्या उन्हाळ्यांत, ओसरीवर झालें. तोच कारागीर आपली पेटी घेऊन आला. मुलगी मामाच्या मांडीवर बसून प्रथम रडली, मग बत्तासा मिळाल्यावर गप्प झाली, आणि तिचे मऊ केंस आईच्या ओंच्यांत जमूं लागले. सर्व आटोपल्यावर तिनें दोन्ही हातांनीं आपलें डोकें चांचपून पाहिलें. तिला तें पसंत पडलें असावें. ती उठली, झोपाळ्यावर बसलेल्या अण्णांच्या मांडीवर चढली, त्यांची टोपी उचलली आणि त्यांचें डोकें चांचपलें. अण्णा स्तब्ध बसून राहिले. कारागीर वस्तरा पुसतां पुसतां पाहत होता. पेटींतल्या आरशाला त्यानें हात लाविला नाहीं. मग ती माझ्यापुढें येऊन उभी राहिली.

“बाबा, वांक,” ती म्हणाली.

मी वांकलों.